तीन कॅसेटींचं एक लग्न

आमच्या घरात लग्नसराई म्हणजे कामाचे दिवस. वडील मांडववाल्याकडं मजूर होते. खांब रोवायचे, ताडपत्री ओढायची, लग्न लागलं की तेच खांब उपटून टेम्पोत भरायचे. आई आचाऱ्याच्या मागं बसून पातेली घासायची. पातेली एवढी मोठी की लांबून वाटायचं ही आत उतरूनच घासते आहे. पावसाळ्यात लग्नं थांबली की दोघांचीही कामं थांबायची. मग आमच्या चुलीवर काय शिजायचं त्याचं वर्णन करत नाही, कारण बऱ्याचदा वर्णन करण्यासारखं काही नसायचंच. श्रीगोंद्याच्या आसपासच्या गावांतली लग्नं मी आणि माझी बहीण बुंदीच्या चवीवरून ओळखायचो. नवरी कशी होती म्हणून कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आम्ही बसायचो तिथून आचाऱ्याची पाठ तेवढी दिसायची.

अशा घरातून मी बी.एस्सी. झाले. फिजिक्स घेऊन, नगरच्या वसतिगृहात राहून, एकदाही नापास न होता. आमच्या भावकीत तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. हे मी आजही अभिमानानं सांगते आणि समोरच्यानं आधी ऐकलेलं असलं तरी पुन्हा सांगते.

डिग्री घेऊन आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "मग आता साहेब कधी हुनार?"

"अर्ज करणार आहे."

"अर्ज तर आमी पन करतो," वडील म्हणाले. "दर पावसाळ्यात. वरच्याकडं."

अर्जांची उत्तरं येईपर्यंत मी मामाच्या दुकानात बसायला लागले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नगरला एका फोटो स्टुडिओत कामाला होता. तिथून खांद्यावर घ्यायचा एक जुना व्हिडिओ कॅमेरा मिळवून तो श्रीगोंद्यात परत आला आणि एस.टी. स्टँडजवळ गाळा घेऊन बसला. पुढं सिनेमाच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचा. मागं पडदा, पडद्याआड टीव्ही आणि दोन व्हीसीआर. लग्नाचं शूटिंग तो स्वतः करायचा. मी काउंटरवर.

मला काउंटर नको होता, मला कॅमेरा हवा होता. हे मी मामाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

"तू?" मामा हसला. "पोरीच्या खांद्यावर कॅमेरा दिसला तर लोक नवरीला बघायचं सोडून तुला बघतील. नवरीचा बाप पैसे तुला दील का मला?"

"मी फिजिक्स शिकलेय मामा. त्या कॅमेऱ्यात काय चालतं ते तुला तरी माहितीय का?"

"मला बटन माहिती हाय, बीएस्सीबाई. लाल बटन. तेवढ्यावर माझं घर चाललंय."

मामाची कामाची एक पद्धत होती. प्रत्येक कार्याला तो नवी कोरी कॅसेट लावायचा. हळदीची वेगळी, लग्नाची वेगळी, वरातीची वेगळी. तीन तासांची कॅसेट, हळद पाऊण तासात संपली तरी उरलेली फीत तशीच रिकामी ठेवायची. एवढंच नाही, कॅसेट कॅमेऱ्यात घालायच्या आधी घरातल्या सवाष्णीकडून तिच्यावर हळदीकुंकू वाहून घ्यायचा. ते कुंकू मग मशीनच्या आत जायचं आणि मी स्पिरिटच्या कापसानं काढत बसायची.

एकदा मी म्हणाले, "मामा, आपण बौद्ध. आपल्यात शकुन-अपशकुन नसतो."

"आपल्यात न्हाई गं," मामा म्हणाला. "गिऱ्हाइकात असतो ना."

खरं तर मला या सगळ्या मानपानाची गंमतच वाटायची. आमच्याकडं लग्न म्हणजे दोन फोटो, मेणबत्त्या, पांढरी साडी, वंदना झाली की हार घालायचे आणि जेवायला बसायचं. रुसायला कुणाला वेळच मिळत नाही. इथं मात्र आधी कुणाच्या कपाळाला कुंकू लागलं यावरून व्याही व्याह्याशी वर्षभर बोलत नसे.

त्या वर्षी मे महिन्यात मामानं एका मोठ्या घरचं लग्न घेतलं. मुलगी आमच्या तालुक्यातली. तिच्या वडिलांचा पुष्कळ ऊस, कारखान्यावर ऊठबस, आणि गावातल्या पंधरा घरांची लग्नं त्यांच्या सल्ल्यानं ठरायची. मुलगा राहुरीकडचा. नेहमीप्रमाणं तीन कॅसेटी झाल्या. लग्नाच्या कॅसेटमध्ये निम्मा वेळ पुढाऱ्यांना फेटे बांधण्यात गेला होता, आणि मंगलाष्टका चालू असताना माईकवरून कुणाची तरी जीप बाजूला घ्या म्हणून सांगत होते. पण नवरी छान आली होती. हिरवा शालू, नाकात मोठी जुनी नथ.

पावसाळा संपता संपता मुलीची आई दुकानात आली.

"मला हे सगळं एका कॅसेटवर पायजे," ती म्हणाली. "आमच्या जावेनं तिच्या पोरीच्या लग्नाच्या तीन कॅसेटी पाहुण्यांकडं बघायला धाडल्या, परत दोनच आल्या. मधली गेली. आता तिच्याकडं काय राहिलं? हळद हाय, वरात हाय, लग्नच न्हाई. पोरगी तशीच नांदायला गेल्यासारखं दिसतंय."

"कॉपी मारून देतो की बाईसाहेब," मामा म्हणाला. "दोन व्हीसीआर जोडले की तिन्हीचं एक."

"कॉपी नको. शेजारणीनं केल्ती. नवरीची नथ पुसली गेली त्यात. माझ्या पोरीच्या नाकात माझ्या आईची नथ हाय. ती दिसली पायजे, मोती अन् मोती. दिवाळसणाला जावई येनार, व्याही-विहीन पन येनार. त्यांच्यापुढं लावायचीय."

ती बरोबर बोलत होती. कॉपी केली की चित्र फुटायचंच. लाल रंग साडीच्या काठाबाहेर पसरायचा, आणि कॉपीची कॉपी केली तर माणसं वाफेतून बघितल्यासारखी दिसायची. फितीवरच्या चुंबकाचं चित्र आधी विजेत जातं, मग विजेतून पुन्हा दुसऱ्या फितीवर. प्रत्येक फेरीत थोडं सांडतं.

"मग कॉपी करायचीच नाही," मी काउंटरवरून म्हणाले. "फीतच फितीला जोडायची. तिन्ही कॅसेटी उघडायच्या, रिकामी फीत कापून टाकायची, आणि चित्राचे तुकडे एकाला एक जोडून एका डबीत गुंडाळायचे. चित्राला हातच लागत नाही. नथ आहे तशी राहील."

मुलीची आई खूश झाली आणि पिशवीतल्या तिन्ही कॅसेटी तिनं काउंटरवर ठेवल्या. मामाचा चेहरा मात्र पडला. ती गेल्यावर तो माझ्यावर उखडला.

"अगं, अस्सल कॅसेट हाय ती! एकच! तुटली तर पुन्हा लगीन लावायचं का त्यांचं?"

मामाला भ्यायला कारण होतं. एकदा तुटलेली फीत त्यानं साध्या सेलोटेपनं चिकटवली होती. त्याचा गोंद व्हीसीआरच्या, फीत वाचणाऱ्या हेडला बसला आणि पुढच्या लग्नातली सगळी वऱ्हाडी मंडळी मुंग्यांच्या वारुळात बसल्यासारखी दिसली. शिवाय या घरचं काम बिघडलं असतं तर पंधरा घरांची लग्नं हातची गेली असती.

"मामा, कंपनीसुद्धा जोड देतेच," मी म्हणाले. रद्दीतली एक कॅसेट उघडून दाखवली. दोन्ही टोकांना पारदर्शक फीत असते, ती काळ्या फितीला बारीक पट्टीनं जोडलेली असते. "ही पट्टी बघ. गोंद बाहेर येत नाही हिचा. नगरला टेपरेकॉर्डरचे पार्ट विकणाऱ्याकडं मिळते."

मामानं पट्टी नखानं खरवडली, कॅसेट हलवली, वास घेतला. मग म्हणाला, "बरं. दिवाळसणाला ही कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडकता चालली आणि दोन्ही घरं खूश झाली, तर येत्या लग्नसराईत कॅमेरा तुझ्या खांद्यावर. न्हाईतर मरंस्तोवर काउंटर. आन् पुन्हा तोंडातून फिजिक्स काढायचं न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

मी दुसऱ्याच दिवशी नगरला जाऊन पट्टी घेऊन आले.

आता मामाचा स्वभाव सांगायला हवा. मामाच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. मी नगरहून आले त्या दिवशी दुकानापुढं एक जीप उभी होती आणि आत मुलाची आई बसली होती. नातेवाइकांकडं आली होती, कॅसेटचं कानावर आलं म्हणून मुद्दाम थांबली.

"एकच कॅसेट करताय म्हनं," ती म्हणाली. "करा. पन आमच्या घरचं आधी लागंल. आमी मुलाकडचे. मान आमचा पयला."

"व्हय व्हय, बाईसाहेब. तुमचंच आधी."

ती गेली. तासाभरात मुलीची आई बाजारातून जाताना आत डोकावली. "आमच्या दारातली हळद आधी घेताय ना? सुरुवात आमच्या घरनं झालीय."

"म्हंजे काय! तुमचंच आधी."

मी पडद्याआडून बाहेर आले. "मामा, कॅसेटला दोन पहिली टोकं असतात का?"

"बघू की. तू बीएस्सी हायेस."

"मी बीएस्सी आहे, जादूगार नाही."

मामानं विचार केला. मुलाची आई राहुरीची, लांबची, पण ती रुसली तर मुलीला सासरी त्रास. मुलीची आई रुसली तर समजावता येईल. सगळं जोखून तो म्हणाला, "वरपक्षाचा मान. वरात आधी लाव, मग हळद, मग लगीन."

"अरे पण मामा—"

"मानाप्रमानं लाव म्हनतो ना!"

मी लावली. टेबलावर एक काच ठेवून पुसून घेतली, हात साबणानं धुतले, कारण बोटाचं तेल फितीला लागलं तर तिथं डाग दिसतो. कॅसेट पालथी घालून पाच स्क्रू काढले. झाकण अलगद उचललं, तरी आतली एक स्प्रिंग उडून मामाच्या चहात पडली. दाढीच्या नव्या ब्लेडनं फीत सरळ कापली, दोन टोकं काचेवर एकमेकांना भिडवली, मागच्या बाजूनं पट्टी लावली, कडेनं जास्तीची तासून टाकली. हेडला लागणाऱ्या बाजूला काही चिकटू द्यायचं नाही, एवढंच पथ्य. फीत गुंडाळताना पेन्सिल रिळात घालून हळूहळू फिरवली. दुपारभर मामा माझ्या डोक्याशी उभा राहून श्वास रोखत होता. त्याला वाटत होतं फुंकरीनं लग्न उडून जाईल.

मग आम्ही ती लावून बघितली. सांधा आला तेव्हा पडद्यावर एक पांढरी रेघ वरून खाली गेली, बस्स. चित्र स्वच्छ. मामानं टाळी दिली. आणि मग आम्ही लग्न बघत बसलो.

आधी मुलाच्या घरची गडबड दिसली, मग नवरी दारात जीपमधून उतरली. माप ओलांडून घरात गेली. सासूनं पेढा भरवला. नवरा-नवरी देवाच्या पाया पडली. आणि त्यानंतर लगेच पाच बायका हळदीची ताटं घेऊन धावत आल्या आणि माहेरी बसलेल्या नवरीला हळद लावायला लागल्या.

मी मामाच्या तोंडाकडं बघत राहिले.

पुढं सीमांतपूजन झालं, मंगलाष्टका झाल्या, आणि शेवटी नवरी आईच्या गळ्यात पडून रडली. कॅसेट तिथं संपली.

"हे बघ," मी म्हणाले, "ही पोरगी आधी नांदायला गेली. मग हळद लागली. मग लग्न झालं. आणि मग माहेर सोडलं, पण कुठं गेली कोण जाणे."

मामा टीव्हीच्या जवळ सरकला. "वाईट दिसतंय व्हय?"

"मामा, गावात अशी गोष्ट झाली तर लोक काय म्हणतात ते तुला माहितीय."

"आन् आपन ती सगळ्यांपुढं लावनार," मामा हळूच म्हणाला. त्यानं टीव्ही बंद केला. "उघड ती कॅसेट. सगळं सरळ लाव. राहुरीच्या बाईंना काय सांगायचं ते मी बघतो."

"काय सांगशील?"

"तुमचंच आधी लावलंय म्हनून सांगंन. न्हाईतरी ती पान खायला उठली की आपन म्हनू, आत्ताच गेलं."

मी डोक्याला हात लावला. कॅमेरा माझ्या खांद्यापासून लांब चालला होता. दोन्ही घरं खूश व्हायला हवी होती, आणि सरळ लावली तर एक घर नक्की रुसणार होतं. कॉपी करायची असती तर दोघींना दोन वेगवेगळ्या कॅसेटी करून दिल्या असत्या. पण इथं अस्सल फीत एकच, आणि ती एकाच क्रमानं जोडता येते.

मी वरातीचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून बघितला. वरात पोचायच्या आधी मामानं पुढच्या गाडीनं जाऊन मुलाच्या घरी थोडं शूटिंग करून ठेवलेलं होतं. जीपला उशीर झाला होता. मुलाची आई नवं लुगडं नेसून, नाकात नथ, हातात ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. वाट बघून वैतागलेली. ती रस्त्याकडं बघते, ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेते, आणि मोठ्यांदा म्हणते, "कुठं राहिली ही मंडळी? चला म्हनावं लवकर. मी कवाची उभी हाय." मग तिला कॅमेरा दिसतो. पदर सावरते आणि एकदम गोड हसते.

मी ते चार वेळा मागं-पुढं करून बघितलं. मग पडदा नीट ओढून घेतला आणि मामाला चहा आणायला धाडलं.

जेवढं तिचं बोलणं आणि हसू, तेवढाच तुकडा मी वरातीतून कापून काढला. तो सगळ्यांच्या आधी लावला. त्याला हळद जोडली, हळदीला लग्न, लग्नाला उरलेली वरात. मामा चहा घेऊन आला तेव्हा मी स्क्रू पिळत होते.

"सरळ लावलीस ना?"

"एकदम सरळ."

"राहुरीच्या बाईंचं?"

"त्यांना काय सांगायचं ते तू बघणार होतास ना?"

मामानं चहा न पिताच कप खाली ठेवला.

दिवाळसणाच्या दिवशी मुलीच्या घरी दुपारी पुरणाची जेवणं झाली. बैठकीत टीव्ही मांडला होता, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. पुढं गादीवर दोन्ही आया बसल्या, शेजारी शेजारी, पण मधे एक तक्क्या. जावई कोपऱ्यात लाजून बसलेला, नवरी सुपारी कातरत. मागं सगळी भावकी. मामा दाराजवळ उभा राहिला. बाकी सगळ्यांच्या चपला बाहेर होत्या, मामाच्या पायात होत्या.

मी कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

पडद्यावर मुलाची आई आली. नथ, लुगडं, ताट. बैठकीत सगळ्यांत आधी तीच. तक्क्याच्या पलीकडं ती ताठ झाली. अलीकडं मुलीच्या आईनं मान वळवून दाराकडं मामाला शोधलं. मामानं छताकडं बघायला सुरुवात केली.

"कुठं राहिली ही मंडळी?" पडद्यावरची बाई म्हणाली. "चला म्हनावं लवकर. मी कवाची उभी हाय."

ती गोड हसली. एक पांढरी रेघ वरून खाली गेली. आणि लगेच मुलीच्या दारातून पाच बायका हळदीची ताटं घेऊन लगबगीनं धावत आल्या.

मग मागून कुणीतरी म्हातारी ओरडली, "आगं बया! विहीनबाईंनी हाक मारली अन् आमच्या बायका पळत सुटल्या!" आणि सगळी खोली हसली. जावई हसला, नवरीच्या हातातला अडकित्ता थांबला. मुलाची आई आधी गोंधळली, मग तिलाही हसू फुटलं.

"मग!" ती म्हणाली. "मी बलवल्याबिगर तुमची हळद सुरू झाली नसती."

"तेच तर," मुलीची आई लगेच म्हणाली. "आमच्या हळदीची वाट बघत ताट घेऊन उभ्या राहिल्या की न्हाई तुमी? एवढा मान कुनी दिला न्हाई आमाला."

दोघींनाही वाटलं आपण जिंकलो. तक्क्या कुणीतरी मागं सरकवला. मी मात्र हसत नव्हते, मी सांधे मोजत होते. हळद संपून लग्न सुरू झालं, रेघ गेली. चित्र अडकलं नाही. मंगलाष्टका आल्या, जीप बाजूला घ्या आलं, आणि मग नवरी जवळून दिसली. मुलीची आई पुढं सरकून पडद्याला नाक लावायची बाकी होती.

"सगळे मोती दिसत्यात," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

शेवटचा सांधा गेला. वरात घरी पोचली, नवरीनं माप ओलांडलं, पडदा निळा झाला. फीत कुठंही ओढली नाही, कुठं चुरगळली नाही. मामानं तेव्हा कुठं चपला काढल्या.

परतताना एस.टी.त मी मामाला म्हणाले, "कॅमेरा."

मामानं खिडकीबाहेर बघितलं. "बघू की. लग्नसराई लांब हाय अजून. तुझ्या आईला विचारलं पायजे. पुन्हा गावातले लोक..."

"मामा, तू त्या दोघींना 'तुमचंच आधी' म्हणून शब्द दिलास, तो मी पाळून दाखवला. आता मला दिलेला तू पाळ."

पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळून बघायला लागला. मामानं त्याच्याकडं बघून हसून घेतलं. मग मला म्हणाला, "लाल बटन. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. बाकी तुझं फिजिक्स."

तुळशीचं लग्न झालं आणि पंधरा घरांतल्या पहिल्या घराची सुपारी आली. त्या लग्नाचं शूटिंग मी केलं. हळद, लग्न आणि वरात, तिन्ही एकाच कॅसेटवर.